लांब दांडीचे आरसे

“वहिनी, हे आरसे एसटीला लागतात,” फिरोजभाई म्हणाले. “तुमची गाडी पिकअप. हे लावले तर गाडी रस्त्यानं जाईल आणि आरसे शेजारच्या गल्लीतनं.”

दुकानातले दोघं-चौघं खो खो हसले. मी नाही हसले. शाहूपुरीतल्या त्या स्पेअरपार्टच्या दुकानात मी केव्हापासून उभी होते आणि काउंटरवर आरशांचा ढीग पडला होता. गोल, चौकोनी, चिकटवायचे, पट्ट्यानं बांधायचे, एक तर बदामाच्या आकाराचा. तो बदामही त्यांनी मला दाखवायला काढला होता, बघा आता!

“हसून झालं असंल तर मोठे काढा,” मी म्हटलं. “गाडी पिकअप हाय, पण मागं घर जोडायचंय. घर गाडीपेक्षा दोन्ही अंगांनी वीतभर रुंद. तुमच्या ह्या बदामात घराची पुढची भिंत दिसंल. मागचं काय दिसंल, कपाळ?”

“पण गाडी तर मिस्त्री चालवतात ना?”

“चालवणार तेच. आरसे मी निवडणार.”

झालं, पुन्हा हसणं. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान आनंदा मिस्त्री, माझ्या मागं चार पावलांवर उभे राहून एक टायर निरखत होते. फिरोजभाईंनी त्यांना हाक मारली, “मिस्त्री, सांगा की कायतरी वहिनींना!” मालकांनी मान वळवली नाही. “ओ मिस्त्री!” तरी नाही. टायरवर बोट फिरवत राहिले.

“भाव खातात आज मिस्त्री,” कोणीतरी म्हणालं.

“त्यांचं असंच असतंय. एकदा टायर बघाय लागले की जगाचं भान नसतंय,” मी म्हटलं, आणि त्यांच्यासमोर जाऊन दंडाला हात लावला. तेव्हा ते वळले आणि हसले. असली वाक्यं माझ्या तोंडात तयारच असायची. भान नसतंय, डोक्यात हिशोब चाललाय, रात्रीची झोप झाली न्हाई. खरी गोष्ट एवढीच होती की आमच्या मालकांना ऐकू येत नव्हतं.

ह्याला आता सतरा वर्षं होतील. आमचं वर्कशॉप तेव्हा उद्यमनगरात होतं. मालक पोरवयापासून पत्रा ठोकत आलेले. ट्रॉल्या, पाण्याचे टँकर, टेम्पोच्या बॉड्या. दिवसभर हातोडा पत्र्यावर आणि पत्र्याचा आवाज कानात. हळूहळू त्यांचे कान गेले. एकदम नाही गेले, म्हणून कुणाला कळलं नाही. ट्रकचा मोठा हॉर्न यायचा ऐकू. माणूस समोर उभं राहून बोललं तर ओठांवरून सगळं समजायचं. मागून कोणी बोललं की मात्र संपलं. आणि हे मी सोडून जगात कुणालाही ठाऊक नव्हतं, कारण मालकांनी मला शपथ घातली होती. “बहिऱ्या मिस्त्रीकडं कोण काम टाकणार, माले? आणि बहिऱ्या ड्रायव्हरशेजारी कोण बसणार?”

मी बसत होते की. नवी ट्रॉली गिऱ्हाइकाला पोचवायला निघालो की मी गाडीत त्यांच्या शेजारी. गाडी मागं घ्यायची वेळ आली की आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. आरशात कोण बघतंय! आरसे दुमडून आत घेतलेले, गल्लीत कोणी तोडू नयेत म्हणून. मागं एक माणूस उभा राहतो, पत्र्यावर थाप मारतो आणि ओरडतो, “येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्याऽऽ, बास!” आमच्याकडं मी खिडकीतनं अर्धी बाहेर लटकायचे आणि मागचं बघून मालकांच्या गुडघ्यावर हातानं खुणा करायचे. दाबलं की थांबा, थोपटलं की चला. उद्यमनगरात आमची थट्टा व्हायची. “आनंदाची बायको आनंदाला एकटं सोडत न्हाई.” म्हणू देत. मी ऐकून घ्यायचे आणि मालकांना तर ते ऐकूच यायचं नाही, त्यामुळं संसार सुखाचा चालला होता.

मग रेडीमेड ट्रॉल्या यायला लागल्या. फॅक्टरीतनं रंगवून, नंबर टाकून तयार. आमच्याकडचं काम आटलं. वर्कशॉपचं शटर आठवड्यातनं तीन दिवस उघडायचं. मालक दुसऱ्याच्या कारखान्यात हेल्पर म्हणून जायची भाषा बोलायला लागले होते. तिथं गेले असते तर पहिल्याच दिवशी मागून कोणी हाक मारली असती आणि सगळं उघडं पडलं असतं.

आणि तेव्हा खर्डेकर मॅडम आल्या. पन्हाळ्याच्या पायथ्याला त्यांची शेती आणि गुऱ्हाळ. बाई पन्नाशीच्या, केस पुरुषासारखे कापलेले, बोलणं सरळ. त्यांना चाकावरची घरं हवी होती. आत दोन बिछाने, ओटा, छोटी न्हाणी. पिकअपला जोडायचं आणि पाहुण्यांना दाजीपूरच्या रानात नाहीतर खाली समुद्रावर न्यायचं. एक घर त्यांनी आम्हाला बांधायला दिलं आणि एक पोपट चौगुलेला. पोपटचं वर्कशॉप आमच्या समोरच. ज्याचं घर पसंत पडेल त्याला पुढची सगळी घरं, आणि पिकअपला जोडून न्यायचं-आणायचं कामही त्यालाच.

मालकांनी ते घर असं बांधलं की काय सांगू! दरवाजा लावला की डबा बंद केल्यासारखा आवाज यायचा. तो आवाज त्यांना यायचा नाही, पण तळहात दरवाज्यावर ठेवून ते समजून घ्यायचे. मी आतले पडदे शिवले. सगळं जुळून आलं. आणि शेवटच्या आठवड्यात मॅडमचा निरोप आला. “घर घेऊन माझ्या शेतावर या. गुऱ्हाळाच्या मागं लावून दाखवा. फाटकापासून मी स्वतः ड्रायव्हरशेजारी बसणार. घर ओढताना गाडी कशी चालते ते मला बघायचंय. गाडीत बाकी कुणी नको.”

बाकी कुणी नको. म्हणजे मी नको.

मालक म्हणाले, “त्यात काय, मागं कोणतरी उभा राहील आणि थाप मारंल.”

“थाप घराच्या पत्र्यावर पडणार,” मी म्हटलं. “घर येगळं, गाडी येगळी. मधी नुसता हुक. तुमच्या पाठीला काय लागणार हाय?”

ट्रकची बॉडी एकसंध असते, मागं मारलेली थाप ड्रायव्हरच्या पाठीत जाणवते. त्यावर आणि माझ्या हाताच्या खुणांवर इतकी वर्षं निभावलं होतं. म्हणून मी आरशांच्या मागं लागले होते.

पण त्या दिवशी मालकांनी मला हाताला धरून दुकानाबाहेर नेलं आणि सांगितलं, “मोठे नको. लोक इचारतील, एवढे आरसे कशाला? ज्याला ऐकू येत न्हाई त्यालाच एवढं बघावं लागतंय.”

“लोकांना एवढी अक्कल असती तर अजून काय पायजे होतं?”

“नको म्हंतो ना!”

एवढं कळवळून बोलले की मी मुकाट्यानं माघार घेतली. त्यांनी पट्ट्यानं बांधायचे आरसे घेतले. गाडीच्या मूळ आरशावरच चढवायचे, चकचकीत, नाजूक. घर जोडून आम्ही कळंब्याच्या रस्त्याला गेलो. गाडीनं जरा वेग घेतला आणि ते आरसे असे थरथरायला लागले की मागचा रस्ता, झाडं, म्हशी सगळं थंडी वाजल्यासारखं हलायला लागलं. मालकांनी गाडी कडेला घेतली.

“दिसलं काय?” मी त्यांच्यासमोर तोंड नेऊन विचारलं.

“म्हस दिसली,” ते म्हणाले. “का दोन हुत्या?”

“एकच हुती!”

दोघंही हसलो. पण हसताना मालकांचा चेहरा पडलेला मला दिसत होता. मग मी त्यांना स्पष्टच सांगितलं. म्हटलं, “हे बगा, लोकांनी हसायचं का घर भिंतीत घालायचं, दोनातलं एक निवडा. मी बाहेर उभी ऱ्हाणार. तुमच्याजवळ डोळं हाईत, चांगले हाईत, पत्र्याला केसाएवढा पोक आला तरी लांबनं वळखता. त्या डोळ्यांना बघाय जागा तरी द्या.”

ते स्टेअरिंगवर अंगठा घासत बसले. मग म्हणाले, “चल फिरोजकडं.”

फिरोजभाईंनी एसटीचे आरसे मुकाट्यानं काढून दिले. सरळ काच आणि खाली छोटी फुगीर काच असे जोड. मी दोन्ही मागितल्या होत्या, कारण फुगीर काचेत सगळं मावतं पण लांब वाटतं, आणि सरळ काचेत खरं अंतर कळतं पण थोडंच दिसतं. नुसत्या फुगीरवर भरवसा ठेवला की भिंत लांब आहे म्हणता म्हणता माणूस भिंतीत. हे मी कुठं शिकले नव्हते. दुकानात दोन्ही हातात धरून, मागं उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या नाकाकडं बघून ठरवलं. त्या गिऱ्हाइकाला वाटलं मी त्याच्याकडं बघतेय. बिचारा केस सारखे करायला लागला.

लांब दांडी एका ठिकाणी धरली तर हलणारच. मालकांनी तिला दुसरा पाय दिला, पाईप वाकवून, खाली दरवाज्याच्या बिजागरीजवळ. मग बोल्ट सोडून दांडी आत दुमडायचीही सोय केली. एकदा मनावर घेतलं की त्यांचा हात काही ऐकत नाही. संध्याकाळपर्यंत आरसे असे बसले की धक्का मारला तरी काच ढिम्म.

मग आम्ही वर्कशॉपच्या पुढच्या मोकळ्या जागेत आरसे नीट जुळवून घेतले. मालक गाडीत. मी नारिंगी प्लास्टिकची घागर कमरेवर घेऊन घराच्या मागनं चालायचं. मी जिथं दिसेन तिथं त्यांनी हात वर करायचा, दिसेनाशी झाले की खाली. मी डावीकडनं गेले, उजवीकडनं गेले, मागच्या चाकाशी बसले, मग बाजूला होऊन नुसती घागरच जमिनीवर ठेवली. हात वर, हात वर, हात खाली. मग मी पुढं येऊन आरसा बोटभर फिरवायचा आणि पुन्हा मागं. समोर पोपट चौगुले दारात उभा राहून शेंगा खात होता.

“वहिनी, नवऱ्याला पाणी पाजता का व्हय?” तो ओरडला. “आनंद्या, लेका, हे काय लावलंस? नंदीबैल केलास की गाडीचा! रिव्हर्स घ्यायला आरसे लागत्यात व्हय रं? मागं माणूस उभा कर!”

मालक आरशात बघत होते. त्यांना पोपटचं एक अक्षर ऐकू गेलं नाही. मी मात्र म्हटलं, “भावजी, शेंगा खावा. टरफलं आमच्याकडं टाकू नका.”

शेतावर जायच्या आदल्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. मालक चार भाकऱ्या खाऊन झोपले.

खर्डेकर मॅडमच्या शेतावर पोचलो तेव्हा गुऱ्हाळ चालू होतं. चुलवाण धडाडत होतं, रसाच्या काहिलीतनं वाफा निघत होत्या, इंजिनाचा धडधडाट, आणि ऊस तोडणाऱ्यांपासून गूळ करणाऱ्या गुळव्यापर्यंत सगळी मंडळी काम सोडून तमाशा बघायला आलेली. चाकावरची घरं बघायची होती ना! गुऱ्हाळाची भिंत एका बाजूला, पाण्याचा दगडी हौद दुसऱ्या बाजूला, आणि मधल्या बोळातनं घर मागं नेऊन पलीकडच्या चिंचेखाली लावायचं.

पोपट आमच्या आधी पोचला होता. त्याचं घर देखणंच होतं, खोटं कशाला बोलू. मॅडम त्याच्या शेजारी बसल्या. मागं त्याचा मेहुणा उभा राहिला आणि ओरडला, “येऊ द्या!”

आणि मग आपली माणसं! गाडी मागं येताना दिसली की आपल्या माणसाला गप्प बसवत नाही. मेहुणा “येऊ द्या” म्हणतोय, तर गुळव्या म्हणतो “डावीकडं मार!”, ऊसवाला म्हणतो “अरे उजवीकडं, उजवीकडं!”, एक म्हातारबा काठी हलवत “कट मार, कट!” प्रत्येकाला आपल्या बाजूची फट दिसत होती. आणि मागं जोडलेल्या घराचं उफराटं असतं. स्टेअरिंग डावीकडं फिरवलं की घर उजवीकडं जातं. त्यामुळं डावीकडं म्हणजे गाडी डावीकडं की घर डावीकडं, हे सांगणाऱ्यालाही माहीत नव्हतं. पोपट एकदा ह्याचं ऐके, एकदा त्याचं. शेवटी पाच-सहा जण एकदम ओरडले, “येऊ द्याऽऽ!” आणि घराचा कोपरा हौदाच्या दगडावर गेला. पत्रा फाटल्याचा असा आवाज आला की गुऱ्हाळातला कुत्रा पळाला.

पोपट खाली उतरला आणि सगळ्यांवर ओरडला, “येऊ द्या कोण म्हणालं?”

सगळे गप्प. कोणीच म्हणालं नव्हतं.

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पोपटनं पण पोटासाठीच बांधलं होतं ते घर. त्यानं गाडी पुढं काढली आणि फाटलेल्या पत्र्यावरनं हात फिरवत उभा राहिला.

मग मालकांची पाळी. मॅडम आमच्या गाडीत चढल्या. आरशांकडं बघून काहीतरी म्हणाल्या. मालक तेव्हा दुसऱ्या बाजूच्या आरशात बघत होते, उत्तर दिलं नाही. गाडी हलली.

आधीच्या धड्यानं लोक शहाणे झाले असतील म्हणाल तर छे! आता त्यांना दुप्पट जोर चढला होता, कारण मघाची चूक दुसऱ्याची होती हे प्रत्येकाला सिद्ध करायचं होतं. “डावीकडं! डावीकडं!” “मिस्त्री, थांबा!” “येऊ द्या हो, लई जागा हाय!” म्हातारबा तर हौदावरच चढला. मालकांचं डोकं डावीकडच्या आरशाकडं वळे, उजवीकडच्या आरशाकडं वळे, पुन्हा डावीकडं. बाकी काही नाही. घर मागं येत होतं, सावकाश, दमानं. भरल्या घागरीतलं पाणी हिंदकळलं नसतं.

मी भिंतीच्या अंगाला उभी होते. घराचा कोपरा भिंतीकडं यायला लागला. फट कमी झाली. आणखी कमी झाली. मला ती दिसेनाशीच झाली. मग माझ्यानं राहवेना. सगळ्या गावाला नावं ठेवणारी मी, दोन्ही हात वर करून जीव खाऊन ओरडले, “थांबाऽऽ! अहो थांबा!”

मालक थांबले नाहीत. घर भिंतीला चाटून जातंय असं मला वाटलं. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा घर बोळातनं पार होऊन चिंचेखाली उभं होतं. भिंतीवरचा चुना जिथल्या तिथं, पत्र्यावर ओरखडा नाही.

“नाद खुळा!” गुळव्या ओरडला आणि मग जो कल्ला झाला! मघाशी थांबा म्हणणारे टाळ्या वाजवत होते, म्हातारबा सगळ्यांना सांगत होता की मीच सांगितलं म्हणून जमलं.

मॅडम खाली उतरल्या. चेहरा खूश नव्हता. मालक उतरून समोर आले तसं सगळ्यांच्या देखत त्या म्हणाल्या, “काम छान आहे तुमचं, मिस्त्री. पण मी गाडीत तुम्हाला तीनदा काहीतरी विचारलं. तुम्ही एकदाही उत्तर दिलं नाही. माझे पाहुणे तुमच्या शेजारी बसणार. असं तोंड फिरवून बसणारा माणूस मला चालणार नाही.”

झालं. मी पुढं धावले. माझं वाक्य तयारच होतं. “मॅडम, त्यांचं एकदा गाडीत लक्ष लागलं की…”

मालकांनी माझ्यापुढं हात आडवा धरला. मला आजही तो हात दिसतो, काळा ऑइलचा हात. ते मॅडमच्या तोंडाकडं बघत होते. सगळं समजलं होतं त्यांना.

“मॅडम, मला ऐकू येत न्हाई,” ते म्हणाले.

केवढ्यानं म्हणाले! स्वतःचा आवाज ऐकू येत नाही ना, त्यामुळं इंजिनाच्या धडधडाटातही शेवटच्या माणसापर्यंत गेलं.

“लई वर्सं झाली. पत्रा ठोकून कान गेलं. समोर बोललं तर कळतंय, शेजारनं बोललं तर न्हाई. तुम्ही मला इचारलं ते मला कळलंच न्हाई. बायको झाकत हुती, कारण मीच सांगितलं हुतं झाकाय. तिचा दोष न्हाई. आरसे तिनं निवडलेत, माझ्यासाठी. आता काम द्यायचं का न्हाई ते तुम्ही ठरवा.”

सगळं गेलं असं वाटलं, आणि त्याच वेळी छाती अशी भरून आली की काय सांगू. एवढ्या माणसांत, एवढ्या मोठ्यानं, मान वर करून! हा माझा नवरा, असं ओरडून सांगावंसं वाटलं.

पहिला बोलला तो पोपट. “आरं आनंद्या,” तो मालकांच्या समोर येऊन उभा राहिला, “मग एवढी वर्सं रस्त्याच्या पलीकडनं तुला मी शिव्या देतोय, त्या कुणाला लागल्या?”

“मला,” मी म्हटलं. “सगळ्या.”

काय हसले लोक! पोपट स्वतःच गुडघ्यावर हात मारत हसला. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्या आमच्या गाडीत चढल्या, ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या आणि मला म्हणाल्या, “मागं चाला बघू.” मी घराच्या मागनं चालले. त्या ह्या आरशात बघत होत्या, त्या आरशात बघत होत्या. मग खाली उतरून मालकांच्या बरोब्बर समोर येऊन उभ्या राहिल्या आणि एकेक शब्द सुटा करून बोलल्या.

“मघाशी इथं एवढे लोक ओरडत होते की मी घाबरून सीट घट्ट धरली होती. तुम्ही सोडून सगळेच घाबरले होते. पुढची घरं तुम्हीच बांधायची. कानाच्या डॉक्टरांना दाखवायचं, लायसनचे जे काही नियम असतील ते सगळे रीतसर करायचे. त्यात बसलं तर चालवायचंही तुम्हीच. आणि माझ्या प्रत्येक गाडीला हे आरसे.” मग थांबून म्हणाल्या, “चौगुल्यांना बरोबर घ्या. एकट्यानं होणार नाही.”

मालकांनी पोपटकडं बघितलं. पोपट म्हणाला, “मी घेतो की. पण शिव्या आता समोरनं द्याव्या लागणार, तेवढी पंचाईत.”

परत येताना वाघबीळच्या खाली आम्ही चहाला थांबलो. चालत्या गाडीत आम्ही बोलत नाही. बोलायचं तर मालकांना माझ्या तोंडाकडं बघावं लागतं. बाकड्यावर समोरासमोर बसलो तेव्हा ते गालात हसत म्हणाले, “दोन्ही हात वर करून काय बोलत हुतीस गं भिंतीपाशी?”

“येऊ द्या म्हणत हुते,” मी ठोकून दिलं.

“थांबा म्हणत हुतीस. आरशात दिसत हुतीस की, तोंड एवढं मोठं केलेलं.”

मी लाजेनं लाल झाले. “मग थांबला का न्हाई?”

“तू कडंला हुतीस. तिथनं तुला फट दिसत नव्हती.” त्यांनी बोटं उघडून दाखवली, चार बोटं. “मला दिसत हुती.”

इतकी वर्षं त्यांच्यासाठी मी बघत आले होते, आणि आज माझ्यापेक्षा त्यांना जास्त दिसलं होतं. मला त्याचा एवढा अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला मी पदराच्या टोकानं उगीचच बाकडं पुसलं.

चहावाला मागून आला आणि मालकांच्या पाठीशी उभा राहून त्यानं काहीतरी विचारलं. मी सवयीनं तोंड उघडलं. पण मालकांनी माझ्या नजरेवरून ओळखलं, मागं वळले आणि आपल्या गावचं नाव सांगावं तसं सहज, खणखणीत म्हणाले, “पावणं, समोर येऊन बोला. मला ऐकू येत न्हाई.”

आजूबाजूच्या दोघांनी वळून बघितलं. बघू देत. चहावाला बाकड्याला वळसा घालून पुढं आला, मालकांच्या समोर वाकला आणि त्यानं पुन्हा विचारलं, “साखर किती घालू?”

डॉक्टरनं त्यांची साखर कधीच बंद केलेली होती. मी तोंडातनं शब्द काढला नाही.

“आज जरा जास्तच घाल,” मालक म्हणाले.